बेव्हर्ली पार्कमधली दिवेलागण

घरातल्या उजेडाचा हिशेब दिवेलागणीला सुरू होतो. मीरा रोड पूर्वेच्या बेव्हर्ली पार्कमध्ये ही वेळ प्रत्येक मजल्यावर वेगळी असते. पश्चिमेला रुळांपलीकडे आभाळ अजून तांबूस असते, आठव्या-दहाव्या मजल्यावर खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचता येते, आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरांत मात्र दिवे केव्हाच लागलेले असतात. समोरासमोरच्या इमारतींत अंतर थोडे. त्यामुळे खालच्या घरांत संध्याकाळ तासभर आधी उतरते, आणि वीजबिलातले काही युनिट माणसाच्या सवयीपेक्षा मजल्याच्या नावावर पडतात.

स्वयंपाकघरानंतर देवघरातला दिवा, मग हॉलमधला, मग मुलांच्या खोलीतला. अर्ध्या तासात इमारतीची अख्खी बाजू उजळून निघते. ती नीट पाहिली तर खिडक्यांचे रंग सारखे नसतात. कुठे ट्यूबचा निळसर पांढरा, कुठे एलईडीचा कोरा पांढरा, कुठे छताच्या खाचेतून झिरपणारा पिवळा, मधूनच टीव्हीचा हलता निळा, आणि एखाद्या हौशी घरात चक्क जांभळा. तारेच्या जुन्या बल्बचा तांबूस उजेड आता शोधावा लागतो. सापडला तर बहुधा बाथरूममध्ये किंवा माळ्यावर सापडतो, जिथला दिवा बदलण्याचे कुणाच्या मनातच आलेले नसते.

मीरा रोडला १९८० आणि ९० च्या दशकांत राहायला आलेल्या मराठी कुटुंबांतली बरीचशी गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतून आली. त्याआधीची पिढी कोकणातली नाहीतर घाटावरची. म्हणजे एकाच घराच्या आठवणीत तीन-चार तऱ्हांचे उजेड नांदतात. गावी चिमणी आणि कंदील. रॉकेल मोजून आणलेले, त्यामुळे वात मोठी व्हायची ती पाहुणा आला तरच. चाळीच्या खोलीत मधोमध लोंबणारा चाळीस नाहीतर साठ वॅटचा गोळा, आणि त्याच्याखाली अभ्यास, शिवण, निवडण-टिपण आणि पत्ते, सगळे एकाच वेळी. बाहेर पडणाऱ्याने तो मालवून जायचे, हे सांगावे लागत नसे. मग मीरा रोडच्या वन रूम किचनमध्ये ट्यूब लागली. चोकची बारीक घरघर, स्टार्टरची दोन-तीनदा उघडझाप, आणि एकदम कोपऱ्यांपर्यंत पोचलेला सपाट पांढरा प्रकाश. पिवळा गोळा म्हणजे भाड्याची खोली आणि पांढरी ट्यूब म्हणजे स्वतःचा ब्लॉक, हे समीकरण पुढे कित्येक वर्षे टिकले. आज ते उलटले आहे. पिवळा उजेड आता इंटिरियर करणाऱ्याच्या नकाशात असतो आणि पांढरा कामाच्या जागी, ओट्यावर.

तारेच्या बल्बचे शास्त्र सरळ आहे आणि तोट्याचे आहे. टंगस्टनची तार तापवून पांढरी करायची आणि तिच्यातून जो थोडाफार प्रकाश सुटेल तो वापरायचा. विजेतला सुमारे पाच टक्के भाग डोळ्यांना दिसतो, बाकीची उष्णता होते. खरे तर ती उजेड सांडणारी शेगडीच. मीरा रोडच्या मे महिन्यात ती उष्णता बाहेर घालवायला वर पंखा फिरत असे, म्हणजे खर्च दुहेरी. ट्यूबमध्ये तारेऐवजी पाऱ्याची वाफ आली आणि एका वॅटमधून चार-पाचपट उजेड मिळू लागला. सीएफएल म्हणजे तीच ट्यूब, वळवून बल्बच्या होल्डरमध्ये बसवलेली. एलईडीची वाट मात्र वेगळी. अर्धवाहकाच्या सूक्ष्म तुकड्यातून वीज गेली की तो तुकडाच प्रकाश देतो. लाल एलईडी १९६२ पासून होता, पण पांढऱ्या प्रकाशासाठी निळा लागत होता आणि तो तीस वर्षे कुणाला नीट जमला नाही. गॅलियम नायट्राइडवर चिकाटीने काम करून इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी तो साधला. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की डोळ्याला तो पांढरा दिसतो. एलईडी बल्बचे पांढरे झाकण काढून पाहिले तर आत पिवळे ठिपके दिसतात, ते हेच.

आता पैशाकडे. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर वर्षाला सुमारे ११० युनिट होतात. तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी १६ युनिटांत वर्ष काढतो. फरक ९३ युनिटांचा. युनिटला आठ रुपये धरले तर साडेसातशेच्या आसपास, आणि बल्बची किंमत शंभराच्या आगेमागे. ट्यूबच्या बाबतीत फरक कमी, पण लहान नाही. चाळीस वॅटची जुनी ट्यूब चोकसकट पन्नासहून थोडे जास्त वॅट खाते. चोकचा खर्च ट्यूबवर छापलेला नसतो, म्हणून तो पुष्कळांच्या हिशेबात येतच नाही. वीस वॅटची एलईडी पट्टी लावून रोज सहा तास धरले तर वर्षाला ७० युनिट वाचतात.

हिशेबातून सगळ्यात सहज निसटतो तो झिरोचा बल्ब. बेडरूममध्ये, देवापाशी, पॅसेजमध्ये रात्रभर जळणारा, लाल किंवा हिरवा. नाव झिरो असले तरी जुन्या पद्धतीचा हा बल्ब पंधरा वॅटपर्यंत वीज घेतो. रात्रीचे नऊ तास धरले तर वर्षाला जवळजवळ ५० युनिट, म्हणजे हॉलमधला नऊ वॅटचा एलईडी पाच तास लावून जेवढी वीज खाईल त्याच्या तिप्पट. तबकडीच्या जुन्या मीटरवर इतका बारीक भार धड उमटत नसे, त्यामुळे तो फुकटात जळतो हा समज घट्ट बसला. इलेक्ट्रॉनिक मीटर तो चोख मोजतात. अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प वर्षभरात दोन युनिटसुद्धा घेत नाही. घरातला एकच दिवा बदलायचा असेल तर तो हाच, असे खुशाल सांगावे.

वाचलेल्या युनिटची किंमत बिलाच्या मांडणीवरही ठरते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात घरगुती ग्राहकांसाठी शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर पायऱ्या आहेत, आणि वर चढावे तसा दर वाढतो. वाचलेले युनिट कमी होते ते वरच्या पायरीवरून, म्हणजे सर्वांत महाग असलेले. उन्हाळ्यात एसी चालू असताना वाचवलेले युनिट म्हणूनच जास्त मोलाचे. अर्थात इथे प्रमाणही सांगितले पाहिजे. दीड किलोवॅटचा एसी एका तासात जी वीज घेतो तिच्यात नऊ वॅटचा बल्ब दीडशेहून अधिक तास जळेल. एलईडी लावलेल्या घरात उजेड हा आता बिलातला लहान भाऊ आहे. बल्ब बदलून बिल अर्ध्यावर येईल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होणार.

तो लहान झाला यात सरकारी खरेदीचा वाटा मोठा आहे. सीएफएलच्या काळात, २००९ मध्ये, केंद्राची बचत लॅम्प योजना आली होती. तारेचा बल्ब द्या आणि पंधरा रुपयांत सीएफएल न्या. ती म्हणावी तशी पसरली नाही. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेली आणि पुढे ‘उजाला’ या नावाने ओळखली गेलेली योजना पसरली. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने कोट्यवधी बल्बांची एकत्र मागणी नोंदवली. जानेवारी २०१४ मध्ये एक बल्ब तिला ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. देशभरात ३६ कोटींहून अधिक बल्ब या वाटेने घरांत गेले. अनुदान देऊन वस्तू स्वस्त करण्याची आपल्याकडे सवय आहे. इथे भाव उतरला तो घाऊक खरेदीने, आणि योजनेच्या बाहेरच्या दुकानांतही उतरला. कनकिया भागातल्या इलेक्ट्रिकल दुकानात आज कुणी साठचा बल्ब मागितला तर दुकानदाराचा हात आपोआप नऊ वॅटच्या खोक्याकडे जातो.

पैशाची बाजू घरातल्या घरात मोजता येते. धुराची बाजू घरापासून लांब आहे, पण मीरा रोडपासून फार लांब नाही. पश्चिम रेल्वेच्या याच मार्गावर उत्तरेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर डहाणू लागते. मुंबईच्या उपनगरांना आणि चेणे-वर्सोव्यासह मीरा-भाईंदरला वीज देण्याचा परवाना ज्या कंपनीकडे राहिला ती १९२९ साली स्थापन झालेली बीएसईएस. पुढे ती रिलायन्सची झाली आणि ऑगस्ट २०१८ पासून अदानीची. डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र तिने १९९० च्या दशकाच्या मध्यावर उभे केले. कोळसा तिथे जळायचा आणि घोडबंदरच्या उपकेंद्रातून वीज इकडे यायची.

डहाणू हा चिकूच्या बागांचा आणि वारली पाड्यांचा तालुका. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने तो पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. औष्णिक केंद्राविरुद्ध तिथले रहिवासी आणि बागायतदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९६ अखेरीस न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि त्याचे अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्याकडे आले. धुराड्यातून निघणारा गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवा असा आग्रह प्राधिकरणाने वर्षानुवर्षे धरला आणि ती २००७ मध्ये बसली. समुद्राच्या पाण्याने धूर धुतला जातो आणि सल्फर डायऑक्साइड उतरतो. चिकूच्या मोहोराच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट. मात्र कार्बन डायऑक्साइड त्या यंत्रणेतून तसाच वर जातो. तो घटवायचा तर कोळसाच कमी जाळावा लागतो, आणि तो कमी जळतो तेव्हा दुसऱ्या टोकाला कुणीतरी कमी वीज मागितलेली असते.

अमुक दिवा डहाणूच्याच विजेवर लागला असे अर्थातच म्हणता येत नाही. वीज ग्रिडमध्ये मिसळते. आता उपनगरांच्या वाट्याला जैसलमेरकडच्या ७०० मेगावॅटच्या सौर-पवन प्रकल्पातली वीजही करारान्वये येते. म्हणून सरासरी धरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबात २०२२-२३ साली देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे ७१६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडला. साठचा बल्ब काढून नऊचा लावण्यातले ९३ युनिट या भावाने वर्षाला ६६ किलोच्या आसपास जातात, जवळजवळ एका मोठ्या माणसाच्या वजनाइतके. सरासरीत एक गोष्ट लपते ती वेळेची. घरातले दिवे लागतात ते सूर्य मावळताना, म्हणजे सौरवीज ग्रिडमधून उतरत असते आणि मागणी चढत असते तेव्हा. सातच्या सुमाराची ती मागणी कोळशाला आणि धरणांना पेलावी लागते. दुपारी वाचवलेल्या युनिटपेक्षा दिवेलागणीचे युनिट धुराच्या हिशेबात जड असते.

विजेच्या हद्दीचा एक अनुभव या भागातल्या लोकांच्या चांगला लक्षात आहे. २००५ नंतर राज्यात भारनियमन सुरू होते तेव्हा वसईच्या खाडीपलीकडे, महावितरणच्या भागात, नायगाव-वसई-विरारला ठरलेल्या वेळी अंधार व्हायचा. खाडीच्या अलीकडे भाईंदर-मीरा रोडला दिवे चालू असायचे. संध्याकाळच्या विरार लोकलमधून खाडीचा पूल ओलांडताना हा फरक खिडकीतून दिसे. मीरा रोडला घर घेण्याच्या कारणांत त्या वर्षांत ‘लाइट जात नाही’ हे कारण पाण्याच्या तक्रारीला उतारा म्हणून सांगितले जाई. उजेड कायम असला की तो मोजायची सवय सुटते, हाही त्याचा एक परिणाम म्हणायला हरकत नाही.

देशभरच्या घरांतला उजेड एकत्र केला तर किती भरतो, हे एकदाच, आणि अगदी अनपेक्षितपणे, मोजले गेले. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवायचे ठरले. कोरोनाच्या टाळेबंदीचे दिवस, कारखाने बंद. ग्रिड सांभाळणाऱ्या पोसोकोचा अंदाज होता की मागणी बारा-तेरा हजार मेगावॅटने उतरेल. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली, आणि नऊ मिनिटांनी परत चढली. जलविद्युत केंद्रे भराभर मंद करून आणि पुन्हा वेगात आणून अभियंत्यांनी ती घसरण सावरली. लोकांनी दिव्यांबरोबर आणखीही काही बंद केले असणार, त्यामुळे सगळा आकडा उजेडाचा नव्हे. तरीसुद्धा नऊ-नऊ वॅटांचे किरकोळ दिवे मिळून किती भार होतो, हे त्या रात्री आलेखावर स्पष्ट उमटले. आणि ही वेळ कोट्यवधी एलईडी वाटून झाल्यानंतरची होती.

ते वाटूनही भार एवढा कसा, याचे एक उत्तर बेव्हर्ली पार्कच्या नव्या फ्लॅटांच्या छतात आहे. पूर्वी हॉलमध्ये एक ट्यूब असे आणि शोभेचा एखादा दिवा. आता पीओपीचे छत, त्याच्या खाचेतून चहूबाजूंनी फिरवलेली एलईडीची पट्टी, आठ-दहा गोल दिवे, टीव्हीमागे एक पट्टी, देव्हाऱ्यावर एक झोत. पंधरा मीटर पट्टी मीटरमागे आठ वॅटने धरली तर १२० वॅट, आणि दहा-दहा वॅटचे आठ दिवे म्हणजे ८०. दोनशे वॅट झाले. चोकसकटच्या जुन्या ट्यूबच्या हे जवळपास चौपट आहे. प्रत्येक दिवा काटकसरी असूनही खोली उधळी झालेली. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लंडच्या कोळशाबद्दल हेच म्हटले होते: यंत्र जितके कमी कोळशात चालेल तितकी यंत्रे वाढतील आणि एकूण कोळसा अधिकच लागेल. त्याचे पुस्तक १८६५ चे. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे पहिल्यांदा लागले तेही त्याच साली, आणि तो गॅसही कोळशाचाच.

छतातल्या दिव्यांवर सरसकट राग धरण्यात अर्थ नाही. उजेडाची हौस जुनी आहे. दिवाळीत आकाशकंदील आणि माळा लावताना कुणी युनिट मोजू नयेत, आणि एलईडीच्या माळेत मोजण्याजोगे फारसे नसतेही. प्रश्न वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा. या छतांची वायरिंग पुष्कळदा अशी केलेली असते की एका बटणावर सगळे लागते. पट्टी वेगळ्या बटणावर, गोल दिवे दोन गटांत, आणि वाचायच्या खुर्चीपाशी स्वतंत्र दिवा, एवढे वायरमनला आधी सांगितले तर खर्च फारसा वाढत नाही. पीओपी झाल्यावर सांगितले तर छत फोडावे लागते, म्हणून ते राहूनच जाते.

काटकसरीच्या भरात घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे मात्र विसरू नयेत. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. नातवाला पुरेसा वाटणारा उजेड आजीला सुई ओवायला पुरत नाही, आणि ती लाजेकाजेस्तव ते बोलत नाही. सगळी खोली झगझगीत करण्यापेक्षा सात वॅटचा एक टेबललॅम्प तिच्या हाताशी ठेवला तर काम भागते. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो. छतावरचा दिवा दोन मीटरवरून जे करतो ते जवळचा लहान दिवा सहज करतो.

घराबाहेरच्या दिव्यांचा कारभार निराळा. जिना, पॅसेज, पार्किंग, गेट आणि गच्ची यांचे बिल सोसायटीच्या कॉमन मीटरवर येते आणि मेन्टेनन्समध्ये वाटले जाते. प्रत्येकाच्या वाट्याला थोडे आल्यामुळे कुणालाच ते बोचत नाही. सात मजली इमारतीत तळमजला धरून आठ ठिकाणी चोकच्या ट्यूबा संध्याकाळी सहा ते सकाळी सहा चालल्या तर वर्षाला अठराशेहून अधिक युनिट होतात. त्याच जागी आठ वॅटचे एलईडी लावले तर २८० च्या आसपास. हा बदल बहुतेक सोसायट्यांनी केला आहे, कारण त्याला सर्वसाधारण सभेत कुणाचा विरोध नसतो. पुढच्या पायरीला वाद सुरू होतात. हालचाल टिपणारे सेन्सर लावायचे म्हटले की एक जण म्हणतो जिन्यात अंधार नको, दुसरा म्हणतो मांजर फिरले तरी दिवा लागेल, तिसरा कोटेशन मागतो. अंधाराची शंका रास्त आहे. गुडघे धरून सावकाश चढणाऱ्या माणसाच्या वाटेतच दिवा गेला तर वाचलेल्या युनिटांचे कौतुक कुणी ऐकून घेणार नाही. माणूस नसताना मंद जळणारा आणि चाहूल लागताच पूर्ण उजळणारा दिवा मिळतो. तो थोडा महाग, पण जिन्यासाठी तोच योग्य. पार्किंगमध्ये साधा टायमर पुरतो, फक्त जून आणि डिसेंबरच्या सूर्यास्तातला तासाभराचा फरक पाहून कुणीतरी तो फिरवायला हवा. तो फिरवला जात नाही, आणि पावसाळ्यात मग भर दिवसा दिवे जळताना दिसतात.

इथेही प्रमाण सोडू नये. पाच अश्वशक्तीचा पाण्याचा पंप दिवसाला चार तास चालला तर पंधराएक युनिट घेतो. एलईडी लावलेला जिना एक युनिटसुद्धा घेत नाही. टाकी भरून वाहत असताना जिन्यातल्या दिव्यावर तासभर चर्चा करणाऱ्या सभा मीरा रोडला काही कमी होत नसतील.

सर्वांत स्वस्त दिवा खिडकी. राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-दमट हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश खिडकी सांगितलेली आहे. कागदावर ती असते. प्रत्यक्षात खिडकी डक्टकडे उघडते, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत असते, आणि उरलेल्या प्रकाशावर ग्रिलचा ताबा असतो. बाहेर काढलेली पेटीसारखी ग्रिल हे मीरा रोडच्या घराचे खास अंग. तिच्यात कुंड्या, वाळत घातलेले कपडे, जुने पिंप, न लागणारी बादली, गणपतीच्या सजावटीचे खोके. त्यावर काळपट काचेची सरकती तावदाने आणि आत जाड पडदा. दुपारी बारा वाजता ट्यूब लावून भाजी चिरणारी घरे यातून तयार होतात. ग्रिलमधली वरची अर्धी जागा मोकळी ठेवली आणि समोरच्या भिंतीला फिका रंग दिला तर खालच्या मजल्यावरही दिवा लावण्याची वेळ तासभर पुढे जाते. पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला तीन-चतुर्थांशाहून जास्त परत देते, गडद भिंत तो गिळून टाकते. डक्टच्या आतल्या भिंतीला पाच-सात वर्षांतून एकदा चुना मारला तर त्या बाजूच्या सगळ्या स्वयंपाकघरांचा फायदा होतो. पण डक्ट कुणाच्याच दर्शनी भागात नसल्यामुळे रंगकामाच्या अंदाजपत्रकातून तोच पहिला गळतो.

नवा दिवा घेताना खोक्यावर काय वाचायचे, हे थोडक्यात सांगता येते. वॅट हा खर्चाचा आकडा, लुमेन हा उजेडाचा. एका वॅटला किती लुमेन, त्यावर ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे ठरतात आणि एलईडी बल्बवर ते २०१८ पासून सक्तीचे आहेत. केल्विनचा आकडा रंग सांगतो. २७०० ते ३००० पिवळसर, ६५०० निळसर पांढरा. रात्री उशिरापर्यंत निळसर प्रकाशात बसल्याने झोप लांबते, म्हणून बेडरूमला खालचा आकडा बरा. रंग खरे दिसावेत यासाठी रंगदर्शन निर्देशांक ८० च्या वर पाहावा, नाहीतर पिकलेला टोमॅटोही मलूल दिसतो. फुटपाथवरचे बिननावाचे स्वस्त बल्ब या चारही बाबतीत मुके असतात.

एलईडी पंचवीस हजार तास चालतो असे खोक्यावर लिहिलेले असते, आणि पुष्कळदा तो दोन वर्षांत जातो. जातो तो बहुतेक वेळा प्रकाश देणारा ठिपका नव्हे, तर त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर. ड्रायव्हरचा शत्रू उष्णता. बंद काचेच्या जुन्या गोळ्यात किंवा हवा न खेळणाऱ्या पीओपीच्या खड्ड्यात बसवलेला दिवा आतल्या आत तापतो. खाडीकडून येणारी दमट खारी हवाही धातूच्या जोडांना मानवत नाही. पट्टीचा ड्रायव्हर वेगळा बदलून मिळतो, शंभर रुपयांच्या बल्बचा बदलत बसायला कुणी तयार होत नाही, मग अख्खा बल्ब कचऱ्यात जातो.

एलईडी बल्बमध्ये पारा नसतो, ट्यूब आणि सीएफएलमध्ये तो काही मिलिग्रॅम असतो. फुटलेली ट्यूब ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर गेली तर तिचा मुक्काम मीरा-भाईंदरच्या बाबतीत उत्तनच्या धावगी डोंगरावर, समुद्राच्या आणि कोळी वस्तीच्या शेजारी. ई-कचऱ्याच्या नियमांत पाऱ्याचे दिवे आलेले आहेत आणि ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या देशांनी सीएफएलचे उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायला २०२५ ची मुदत ठरवली, आणि लांब ट्यूबांसाठी २०२७ ची. बेव्हर्ली पार्कच्या जुन्या इमारतींतल्या उरल्यासुरल्या ट्यूबा येत्या काही वर्षांत उतरतील त्या बऱ्याचशा एकदम. सध्या जळक्या ट्यूबा पंपरूमच्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या असतात. वॉचमन सेक्रेटरीला विचारतो, सेक्रेटरी वायरमनला, वायरमन भंगारवाल्याचे नाव सांगतो, आणि भंगारवाला काच घेत नाही.